पंचनाम्याच्या आधी : राज्य आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणास खुले पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष आणि सदस्य,
महाराष्ट्र राज्य आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, मुंबई

विषय : पाणलोट क्षेत्रातील उपचार हे आपत्ती निवारणाचे काम मानून हाती घेण्याबाबत

महोदय,

मी कृषी खात्यातून पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झालो. नोकरीची बरीचशी वर्षे पाणलोटाच्या, म्हणजे ज्या क्षेत्रावरचे पावसाचे पाणी एकाच ओढ्याला मिळते त्या क्षेत्राच्या, कामावर गेली, काही अवर्षणप्रवण तालुक्यांत आणि काही सह्याद्रीच्या आदिवासी पट्ट्यात. त्याच नोकरीत मी दुष्काळाचे पंचनामे केले, गारपिटीचे केले आणि अतिवृष्टीचेही केले. पंचनाम्याच्या वेळी शेतकरी बांधावर उभा राहून आपल्याला जे दाखवतो ते आधीच वाहून गेलेले असते आणि आपण त्या रिकाम्या जागेचे क्षेत्रफळ लिहून घेत असतो. हे काम मी प्रामाणिकपणे केले, पण त्याने कोणाचे पुढच्या वर्षीचे नुकसान टळल्याचे मला आठवत नाही. ओढ्यावर, डोंगरावर आणि बरड जमिनीवर जे थोडे काम वेळेत झाले, त्याने मात्र ते काही ठिकाणी टळले. म्हणून हे पत्र मृद व जलसंधारण विभागाला न लिहिता आपल्याला लिहीत आहे. डोंगरमाथ्यावरचा चर आणि घळीतला दगडी बांध ही केवळ शेतीची कामे नाहीत, ती आपल्या कायदेशीर जबाबदारीतली कामे आहेत, असे माझे म्हणणे आहे.

सप्टेंबर २०२५ मधली पूरपरिस्थिती आपल्यासमोर आहे. सोलापूर, धाराशिव, बीड या जिल्ह्यांची नावे सरकारी कागदांत वर्षानुवर्षे टंचाई आणि टँकर यांच्या संदर्भात येत राहिली. ज्या मराठवाड्यातील लातूर शहराला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, त्याच मराठवाड्यात त्या सप्टेंबरात शेतातून होड्या चालवून माणसे काढावी लागली आणि सीना नदीने दोन्ही काठांची पिके धुऊन नेली. त्यानंतर ऑक्टोबरमध्ये शासनाने ३१,६२८ कोटी रुपयांचे मदत पॅकेज जाहीर केले. त्यात खरडून गेलेल्या जमिनीसाठी हेक्टरी ४७ हजार रुपये रोख आणि रोजगार हमीतून हेक्टरी तीन लाख रुपयांची तरतूद होती. ही मदत गरजेची होती, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु जी माती परत आणण्यासाठी आपण हेक्टरी तीन लाखांची तयारी दाखवतो, ती जागेवर राहावी म्हणून आदल्या उन्हाळ्यात हेक्टरी किती खर्च केला, हा प्रश्न कोणत्याही आढावा बैठकीत विचारला गेला पाहिजे. गाळ आणून टाकला तरी खरडलेल्या शेताला पहिली दोन-तीन वर्षे पीक नीट येत नाही, हे शेतकरी जाणतो. दोन-अडीच एकरांच्या धन्याला ती वर्षे काढण्यासाठी एक तर सावकाराकडे जावे लागते, नाहीतर ऊसतोडीच्या मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घ्यावी लागते.

पाण्याचे गणित साधे आहे आणि ते गावातल्या सातवी शिकलेल्या मुलालाही समजते. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे १० हजार लिटर पाणी पडले. पाचशे हेक्टरांच्या एखाद्या लहान पाणलोटावर दीड-दोन तासांत ६० मिलिमीटर पाऊस झाला, तर ३० कोटी लिटर पाणी झाले. डोंगर उघडा असेल, तर त्यातला मोठा हिस्सा तासा-दीड तासात ओढ्याला येऊन मिळतो आणि त्याच्याबरोबर माती येते. आता त्या डोंगरावर दर दहा मीटरला दोन फूट रुंद आणि एक फूट खोल असा सलग समतल चर खोदला आहे असे धरा. एका मीटर लांबीत साधारण १८० लिटर पाणी मावते. एका हेक्टरात अशा चरांची लांबी हजार मीटर होते, म्हणजे चर एकदा भरले की १ लाख ८० हजार लिटर, अर्थात १८ मिलिमीटर पाऊस, जिथे पडला तिथेच थांबतो. तो मुरूमात उतरेपर्यंत चर पुन्हा थोडा रिकामा होतो. खाली येणारा लोंढा कमी होतो आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे तो उशिरा येतो. पुरात अर्धा तास मिळाला तर गोठ्यातली जनावरे सोडता येतात.

याच्या पुढचीही गोष्ट सांगितली पाहिजे. एका दिवसात दोनशे-तीनशे मिलिमीटर पाऊस कोसळला, तर चर, बांध, शेततळी सगळी भरून वाहतात. पाणलोटाच्या कामाने महापूर अडतो असा दावा कोणी करत असेल, तर तो लोकांची दिशाभूल करतो. परंतु गरीब गावांचे नुकसान केवळ दहा वर्षांतून एकदा येणाऱ्या महापुराने होत नाही. दर वर्षी दोन-तीनदा येणाऱ्या सत्तर-ऐंशी मिलिमीटरच्या सरींनी त्यांची माती थोडी थोडी जाते, विहिरीत गाळ भरतो, ओढ्याचा काठ दरवर्षी हातभर आत सरकतो आणि मग एक दिवस मोठा पाऊस येतो तेव्हा त्याला अडवायला काहीच उरलेले नसते. पाणलोटाचे काम या रोजच्या झिजेवरचे औषध आहे, आणि मोठ्या पावसात सांडव्यावरून पाणी सुखरूप खाली न्यायची व्यवस्था हा त्याच औषधाचा दुसरा भाग आहे.

हा दुसरा भाग विसरला की काय होते, ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. एका गावात माथ्यावर एकही चर नसताना पायथ्याला माती नाला बांध घालण्याचे ठरले. उद्दिष्ट मार्चअखेर पूर्ण करायचे होते आणि डोंगराची जमीन कोणाच्या ताब्यात आहे याचा पत्रव्यवहार संपत नव्हता. गावातल्या एका म्हाताऱ्या बाईंनी पाहणीच्या दिवशी आम्हाला ओढ्याच्या काठच्या बाभळीच्या खोडावर, माझ्या छातीच्या उंचीवर, अडकून सुकलेला पालापाचोळा दाखवला होता. पाणी इथवर येते, एवढेच त्यांचे म्हणणे होते. आराखड्यातल्या सांडव्याची रुंदी त्या खुणेला पुरणारी नव्हती. मी ते तोंडी सांगितले, लेखी दिले नाही. याची खंत मला आजही आहे. दुसऱ्या वर्षी जूनमधल्या पहिल्याच जोराच्या सरीत बांध भरला, पाणी सांडव्याऐवजी भरावावरून गेले आणि मध्यभागी भगदाड पडले. जे पाणी एरवी दोन तासांत सरकले असते ते दहा मिनिटांत खाली आले आणि तीन घरांची भुईमुगाची शेते गोट्यांनी भरून गेली. ती तिन्ही घरे अल्पभूधारक होती. आपत्ती कमी करण्यासाठी केलेल्या कामानेच तिथे आपत्ती आणली, आणि त्याचाही पंचनामा आम्हीच केला.

माथा ते पायथा हा शब्दप्रयोग आता प्रत्येक शासन निर्णयात असतो, पण प्रत्यक्षात कामाची सुरुवात पायथ्यापासून होते, कारण पायथ्याला जेसीबी पोहोचतो. जलयुक्त शिवार अभियान २०१४ च्या डिसेंबरात सुरू झाले तेव्हा लोकांचा उत्साह खरा होता आणि अनेक गावांना त्याचा लाभही झाला. मात्र पुष्कळ ठिकाणी ते नाला खोलीकरण आणि सरळीकरण यांत अडकून पडले. तापीच्या खोऱ्यात शिरपूर भागात जाड गाळाचा थर आहे. तिथे खोल खोदून पाणी मुरवण्यामागे भूगर्भाचे कारण होते. तोच नमुना काळ्या पाषाणाच्या प्रदेशात उचलून नेला की यंत्र मुरूम संपवून थेट कातळापर्यंत जाते. पाणी साठवून ठेवणारा थर हा मुरूमच असतो, आणि आपण तोच ट्रॅक्टरमध्ये भरून रस्त्यावर टाकतो. सरळ केलेल्या नाल्यातून पाणी वेगाने धावते आणि खालच्या गावाच्या काठावर आदळते. वळणे हा नाल्याचा दोष नाही. वेग मोडण्यासाठी नाल्यानेच केलेली ती सोय आहे. आपल्या प्राधिकरणाने निदान एवढा नियम करावा की, वरच्या क्षेत्राचे उपचार पूर्ण झाल्याचा स्थळपाहणी दाखला असल्याशिवाय आणि खालच्या गावावर काय परिणाम होईल याचा लेखी अभिप्राय असल्याशिवाय नाल्यात यंत्र उतरणार नाही.

या राज्याला हे नव्याने शिकावे लागावे अशी स्थिती खरे तर नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी देवस्थानाची चाळीसेक एकर ओसाड जमीन करारावर घेऊन माथ्यापासून काम केले आणि त्यातून पाणी पंचायतीचा विचार उभा राहिला : पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता घरातल्या माणसांच्या प्रमाणात द्यावे, भूमिहीनालाही त्यात हक्क असावा आणि उसाला ते देऊ नये. हिवरे बाजारने चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि शेतीसाठी बोअर घेण्यावर बंदी स्वतःहून पाळली आणि तिथे दरवर्षी गावासमोर पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. राळेगणसिद्धीचे काम सर्वांना माहीत आहे. या गावांत लोकांनी आधी नियम मान्य केले आणि बांध नंतर घातले. सरकारी योजनेत आपण हा क्रम उलटा करतो. बांधाची निविदा निघते, समितीच्या सह्या मागाहून घेतल्या जातात.

आता सह्याद्रीविषयी थोडे अधिक लिहितो, कारण तिथे चूक झाली तर जीव जातात. २००५ च्या जुलैत महाड तालुक्यात दासगाव, जुई, कोंडिवते, रोहण या गावांवर दरडी आल्या. ३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातले माळीण गाडले गेले, १५१ माणसे गेली आणि गाव दिसत नाही ही वार्ता त्या रस्त्याने जाणाऱ्या एसटीच्या चालकाने बाहेर पोहोचवली. २२ जुलै २०२१ ला तळिये, १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी. इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. तिथे २७ मृतदेह मिळाले आणि ५७ माणसे बेपत्ता राहिली. शोध थांबवून त्यांनाही मृतांत धरावे लागले. वाडीला रस्ता नव्हता, म्हणून मदतीचे लोक पावसात चिखलाची पायवाट चढून गेले, आणि ज्या ठाकर कुटुंबांनी त्या वाटेसाठी वर्षानुवर्षे मागणी केली असेल त्यांच्यापर्यंत सरकार त्या रात्री पहिल्यांदा इतक्या संख्येने पोहोचले.

अशा डोंगरांवर अवर्षणप्रवण भागातला नमुना चालत नाही, हे मी आग्रहाने सांगतो. कमी पावसाच्या पठारी भागात पाणी मुरवणे हेच उद्दिष्ट असते. तीन हजार मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या तीव्र उतारावर, जिथे कातळावर मुरूम आणि मातीचा जाड थर टेकलेला आहे, तिथे जास्तीचे पाणी मुरले की तो थर जड होतो, कातळावरची त्याची पकड सुटते आणि तो घसरतो. तिथे गावाच्या वरच्या अंगाला समतल चर खोदणे धोक्याचे ठरू शकते. तिथे पाणी बाहेर काढणारे, हलक्या ढाळाचे, दगडाने बांधलेले चर हवेत, घळींना खालून वर अनगड दगडी बांधांचे टप्पे हवेत, खोल मुळांची स्थानिक झाडे आणि बांबू हवा, आणि उताराचा पायथा कापून घर किंवा रस्ता काढण्यापूर्वी भूवैज्ञानिकाची पाहणी हवी. तरीही उद्दिष्टाचा तक्ता जिल्ह्यातल्या सर्व तालुक्यांना एकच येतो. मी स्वतः असे तक्ते भरले आहेत.

जुन्नर-आंबेगावच्या आदिवासी पट्ट्यात पडकई नावाची जुनी रीत आहे. उन्हाळ्यात पाच-सात घरे एकत्र येऊन आज याच्या, उद्या त्याच्या उतारावर दगडाची ताल रचतात आणि तिच्यामागे माती भरून भाताचे खाचर तयार करतात. हाताने रचलेल्या त्या तालीच्या फटींतून जादा पाणी झिरपून निघून जाते, आणि एका हंगामात जितके हात तितकेच काम होत असल्याने डोंगराला एकदम मोठी जखम होत नाही. पुढे या रीतीची योजना झाली आणि कामात यंत्र शिरले. माळीणच्या दुर्घटनेत यंत्राने झालेल्या सपाटीकरणाचा वाटा किती होता, यावर त्या वेळी बराच वाद झाला. त्या वादाचा निकाल काहीही मानला, तरी तीव्र उतारावर यंत्र नेऊ नये आणि पडकईची मजुरी हाताच्या कामालाच द्यावी, एवढा धडा त्यातून घ्यायला हरकत नव्हती.

मजुरीवरून एक मुद्दा येतो जो कोणत्याही आराखड्यात मला सापडला नाही. पाणलोटाच्या कामाचे वेळापत्रक आर्थिक वर्षाला बांधलेले असते. ज्यांच्या शिवारात काम करायचे, ती माणसे मात्र दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. निधी येतो जानेवारी-फेब्रुवारीत आणि मार्चअखेर खर्ची पाडायचा असतो. त्या दिवसांत गावात म्हातारी माणसे आणि शाळकरी पोरे उरलेली असतात. मग मजूर उपलब्ध नाहीत असा शेरा मारून यंत्र लावले जाते. माणसे परत येतात तेव्हा काम संपलेले असते, एप्रिल-मेचे दोन महिने रिकामे जातात आणि पुढच्या हंगामाची उचल घेतली जाते. हे दोन महिने मजुरीला खुले ठेवले आणि आठवड्याच्या आठवड्याला पैसे हातात पडले, तर बांधही होतील आणि काही घरे उचलीतूनही सुटतील. आपत्तीची झळ किती बसते हे घरात किती दिवसांचे धान्य आहे यावरही ठरते.

चराईबंदीचेही तसेच आहे. डोंगर राखायचा तर काही वर्षे जनावरे बंद ठेवावी लागतात, हे खरे. पण त्या डोंगरावर कोणाच्या शेळ्या चरतात? बागायतदाराची संकरित गाय गोठ्यात असते. डोंगर लागतो तो भूमिहीनाला, धनगराला आणि तीन शेळ्यांवर घर चालवणाऱ्या विधवेला. वर बंदी पाळणाऱ्याची मिळकत जाते आणि खाली विहिरीचे पाणी चढते ते दुसऱ्याच्या शेतात. म्हणून बंदीच्या काळात कापून नेण्याच्या गवतावर पहिला हक्क या कुटुंबांचा असावा, तलावातली मासेमारी त्यांच्या गटाला मिळावी आणि वाढलेल्या पाण्यात त्यांना साळुंख्यांच्या तत्त्वाने माणशी वाटा मिळावा. हे केले नाही, तर रात्री शेळ्या डोंगरावर जातातच आणि त्यासाठी त्या माणसांना दोष देण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही.

पैसा कुठून येणार, हा प्रश्न आपण विचारणे स्वाभाविक आहे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी राज्यांच्या आपत्ती निधीतला ८० टक्के भाग प्रतिसादासाठी आणि २० टक्के भाग सौम्यीकरणासाठी राखून ठेवला, म्हणजे आपत्तीच्या आधी खर्च करण्यासाठी स्वतंत्र निधीची वाट खुली झाली. त्याला रोजगार हमीची जोड दिली तर अकुशल मजुरी हमीतून आणि दगड, जाळी, भूवैज्ञानिक पाहणी, देखभाल यांचा खर्च सौम्यीकरण निधीतून भागवता येईल. देखभाल हा शब्द मी मुद्दाम लिहिला आहे. बांध पूर्ण झाल्याचा फोटो निघाला की त्याची नोंद यशात होते; तिसऱ्या वर्षी तो गाळाने भरला, कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे बर्गे (पाणी अडवणारी, काढता-घालता येणारी दारे) गंजले किंवा चोरीला गेले, तर त्याची नोंद कुठेच होत नाही. बर्गे वेळेवर निघाले नाहीत तर तोच बंधारा काठ फोडतो. प्रत्येक गावाला दरवर्षी मे महिन्यात शिवारफेरीसाठी आणि डागडुजीसाठी थोडी पण नक्की रक्कम मिळाली, तर ग्रामसभा हे काम उत्तम करते. हिशेब फळ्यावर लिहायची अट घाला, एवढे पुरे.

शिवारफेरीतच डोंगरातल्या वाड्यांनी काय पाहायचे, हेही शिकवता येईल. उतारावर नवी भेग पडली आहे का, सरळ असलेले झाड किंवा विजेचा खांब कलला आहे का, घराच्या भिंतीला खालून चीर गेली आहे का, नेहमीच्या झऱ्याचे पाणी गढूळ झाले किंवा अचानक बंद पडले आहे का. गुराख्यांना आणि पाणी भरणाऱ्या बायकांना या गोष्टी आपल्या यंत्रणेच्या कितीतरी आधी दिसतात. त्यांनी त्या सांगायच्या कोणाला आणि ऐकणाऱ्याने चोवीस तासांत काय करायचे, हे मात्र लिहून ठेवलेले नाही. एखाद्या वाडीत साधे पर्जन्यमापक बसवून किती मिलिमीटरला घरे सोडायची हा आकडा भूवैज्ञानिकाकडून ठरवून घेतला आणि रात्र काढायला शाळेची किंवा समाजमंदिराची सुरक्षित जागा आधीच नेमली, तर त्याचा खर्च एका बंधाऱ्याच्या पायाखोदाईइतकाही येणार नाही.

माझी मागणी मर्यादित आहे. अवर्षणप्रवण भागातले पूर आलेले आणि सह्याद्रीतले दरडीच्या छायेतले असे प्रत्येक जिल्ह्यातले दोन-तीन पाणलोट निवडावेत, त्यांचे आराखडे सरकारी कार्यालयात न करता गट नंबर घेऊन शेतकऱ्यासह शेतात उभे राहून करावेत, आणि ते जिल्हा आपत्ती व्यवस्थापन आराखड्याचा भाग म्हणून मंजूर करावेत. माझ्या जुन्या सामानात पाण्याची पारदर्शक नळी आणि दोन काठ्यांचा हायड्रोमार्कर अजून आहे. फक्की (पांढरी भुकटी) टाकून समपातळी रेषा आखायला दोन माणसे आणि एक सकाळ पुरते, आणि गावातल्या बचतगटाच्या बायका हे तंत्र एका दिवसात शिकतात, हे मी अनेकदा पाहिले आहे. निवृत्त झालेले माझ्यासारखे बरेच लोक विनामोबदला शिकवायला येतील. ऊसतोडीची माणसे गावी परततील त्या आठवड्यात काम सुरू व्हावे, म्हणून निवडलेल्या गावांची नावे आणि मंजूर रक्कम फेब्रुवारी संपण्यापूर्वी त्या त्या ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावी, आणि या पत्राचे उत्तर लेखी मिळावे, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक निवृत्त कृषी पर्यवेक्षक